बर्लिन बचावातली बरोबरी: टपाली बुद्धिबळात नव्याने येणाऱ्यांसाठी

काळ्या मोहऱ्यांनी अर्धा गुण हवा असेल तर बर्लिन बचाव (१. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. उंट बी५ घोडा एफ६ ही सुरुवात) निर्धास्त घ्या. २००० साली लंडनला जगज्जेतेपदाच्या सामन्यात क्रामनिकने तो तेव्हाचा जगज्जेता कास्पारोवपुढे मांडला आणि त्या अख्ख्या सामन्यात कास्पारोवला एकही डाव जिंकता आला नाही. पुढे ४. राजाच्या बाजूला किल्लेबंदी घोडा×ई४ ५. डी४ घोडा डी६ ६. उंट×सी६ डी×सी६ ७. डी×ई५ घोडा एफ५ ८. वजीर×डी८ राजा×डी८ (× म्हणजे मारणं): आठव्या चालीला वजीर पटावरून जातात, काळा राजा डी८ वर येतो, किल्लेबंदीचा हक्क संपतो. त्याला घाबरू नका, वजीर नसताना तो राजा सुखात असतो.

घाबरायचं ते दुसऱ्याच गोष्टीला. "मोहरी मारत सुटा, बरोबरी आपोआप होते" असं सांगणारे गुरू खूप भेटतील. या डावात तो सल्ला घातक आहे. प्यादी मोजा. राजाच्या बाजूला पांढऱ्याची चार, काळ्याची तीन, म्हणजे पांढऱ्याचं एक प्यादं मोकळं (वाटेत अडवणारं काळं प्यादं नसलेलं) सुटणार. वजिराच्या बाजूला काळ्याची चार विरुद्ध तीन आहेत खरी, पण दोन सी-पट्टीवर एकामागे एक अडकलेली. पांढरा शांत बसला तर त्यातून मोकळं प्यादं निघत नाही. फक्त राजे आणि प्यादी उरली की पांढरा बहुतेक वेळा जिंकतो. म्हणून प्रत्येक अदलाबदलीआधी वेगळ्या पटावर नुसते राजे आणि प्यादी मांडून बघा. १० चालींना ५० दिवस असतील तर त्याला वेळ पुरतो. आयसीसीएफच्या (आंतरराष्ट्रीय टपाली बुद्धिबळ महासंघाच्या) स्पर्धांत एंजिन, म्हणजे चाली सुचवणारा संगणकी प्रोग्रॅम, वापरायला परवानगी आहे, तसं ते समोरच्याकडेही आहे. डेटाबेसमधला बरोबरीचा डाव जसाच्या तसा उतरवणं मला पटत नाही. समोरचा एक चाल बदलतो आणि तुमच्याकडे त्या चालींमागचं कारणच नसतं.

उंटांची जोडी जपा. एक द्यायचाच तर विरुद्ध रंगाचे उंट (तुमचा एका रंगाच्या घरांवरचा, समोरच्याचा दुसऱ्या) उरतील असा द्या, मग बरोबरी जवळ येते. नमुना, वरच्या आठ चालींनंतर: ९. घोडा सी३ राजा ई८ १०. एच३ एच५ (जी४ आणि घोड्यावरचा हल्ला लांबवायला) ११. उंट एफ४ उंट ई७ १२. ए-हत्ती डी१ उंट ई६ १३. घोडा जी५ हत्ती एच६ १४. जी३ उंट×जी५ १५. उंट×जी५ हत्ती जी६ १६. एच४ एफ६ १७. ई×एफ६ जी×एफ६ १८. उंट एफ४ घोडा×एच४. जी३ च्या प्याद्याला हा घोडा मारता येत नाही: मागे जी१ वर स्वतःचा राजा, समोर जी६ वर काळा हत्ती, आणि मध्ये जी५ वर अडून बसलेला उंट आत्ताच हलला.