अधिकाराखालचा अधिकारी : ख्रिस्ती श्रद्धा सैनिकी नेतृत्वात कशी उतरवावी

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात कफर्णहूमचा एक रोमी शताधिपती येशूकडे येतो. त्याचा चाकर पक्षाघाताने घरी पडून असतो. येशू त्याच्या घरी यायला निघतो, तेव्हा तो म्हणतो की आपण माझ्या छपराखाली यावे इतकी माझी योग्यता नाही. आपण शब्द मात्र बोला, चाकर बरा होईल. त्यापुढचे त्याचे वाक्य प्रत्येक ख्रिस्ती सेनाधिकाऱ्याने पाठ करावे असे आहे : मीही अधिकाराखालचा माणूस आहे आणि माझ्या हाताखाली शिपाई आहेत. शंभर माणसांवर हुकूम चालवणारा हा मनुष्य स्वतःची ओळख करून देताना आधी आपल्यावर कोणी तरी आहे हे सांगतो आणि मग आपल्या हाताखाली कोण आहे ते सांगतो. शिवाय तो आलेला असतो एका चाकरासाठी, हेही विसरू नये.

श्रद्धेकडून सैनिकी नेत्याला जे मिळते त्याचे मर्म माझ्या मते याच क्रमात आहे. श्रद्धा विजयाची हमी देत नाही आणि हुकूम देणाऱ्याला आपोआप शहाणेही करत नाही. आपल्या प्रत्येक हुकमाचा जाब आपल्याला द्यायचा आहे, ही जाणीव ती त्याच्या मनात जागी ठेवते. ही जाणीव रोजच्या कामात कशी उतरवायची, ते पुढे लिहिले आहे. हे लेखन मुख्यतः नव्याने तुकडीची जबाबदारी घेणाऱ्या श्रद्धावान अधिकाऱ्यासाठी आणि अशा अधिकाऱ्यांना घडवणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी आहे.

आधी शस्त्राचा प्रश्न सोडवा

ख्रिस्ती माणसाने शस्त्र धरावे की नाही, यावर मंडळीत पहिल्या शतकांपासून मतभेद आहेत. मेनोनाइट आणि क्वेकर या शांतिवादी ख्रिस्ती परंपरांनी प्रामाणिकपणे नकार दिला आहे आणि त्या नकाराला हलके समजणे योग्य नाही. दुसऱ्या बाजूला संत ऑगस्टीन यांनी बोनिफेस या रोमी सेनापतीला लिहिलेल्या पत्रात सांगितले की इच्छा शांतीचीच असावी, युद्ध केवळ गरजेपोटी करावे आणि लढतानाही शांती घडवणाऱ्याचे मन सोडू नये. तेराव्या शतकात धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनस यांनी न्याय्य युद्धाच्या तीन अटी मांडल्या : योग्य सत्तेचा आदेश, न्याय्य कारण आणि शुद्ध हेतू. पहिल्या दोन अटी बहुतेक वेळा राज्यकर्त्यांच्या हाती असतात, पण तिसरी अट चौकीवरच्या सर्वांत कनिष्ठ अधिकाऱ्यालाही लागू होते. सूड, द्वेष किंवा कीर्तीची हाव मनात घेऊन न्याय्य युद्धातही अन्यायाने लढता येते. या प्रश्नाचा निकाल स्वतःच्या सद्सद्विवेकाशी बसून, पाळकांशी बोलून आणि शक्य तर सेवेत येण्याआधी लावावा, कारण गोळीबार सुरू झाल्यावर त्याला वेळ मिळत नाही.

तीन साध्या गोष्टींपासून सुरुवात करा

लूकच्या तिसऱ्या अध्यायात शिपाई बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारतात की आम्ही काय करावे. तो त्यांना शिपाईपण सोडायला सांगत नाही. तो सांगतो की धाक दाखवून कोणाचे पैसे उकळू नका, कोणावर खोटा आळ घेऊ नका आणि आपल्या पगारात समाधानी राहा. एवढ्या मोठ्या प्रश्नाला इतके व्यवहारी उत्तर मिळते, कारण हातात शस्त्र असलेल्या माणसाचे अधःपतन बहुधा याच तीन वाटांनी सुरू होते.

नव्या अधिकाऱ्याने हीच तीन सूत्रे आपल्या तुकडीच्या कारभाराला लावून पाहावीत. शिध्याचा हिशेब आणि भांडारातला माल महिन्यातून एकदा स्वतः मोजावा. शिक्षा देण्यापूर्वी आरोपीचे म्हणणे त्याच्या समोर बसून ऐकावे. पदामुळे मिळणारी प्रत्येक सवलत वापरण्याआधी, हीच सवलत सर्वांत कनिष्ठ जवानाला सांगताना आपल्याला संकोच वाटेल का, असे स्वतःला विचारावे.

खोटा आळ घेऊ नका, या सूत्राचा विस्तार अहवालापर्यंत करावा लागतो. समजा, रात्रीची गस्त ठरलेल्या टेकडीपर्यंत पोहोचलीच नाही, कारण पाऊस होता, माणसे थकली होती आणि ओढ्याला पाणी आले होते. पहाटे नोंदवही समोर येते आणि 'टेकडी तपासली, हालचाल नाही' हे चार शब्द लिहिण्याचा मोह होतो. त्या नोंदीवर विसंबून दुसऱ्या दिवशी दुसरी तुकडी त्याच वाटेने जाणार असते. 'तुमचे बोलणे होय तर होय, नाही तर नाही एवढेच असावे' ही येशूची शिकवण इथे जीवनमरणाची ठरते. माझा आग्रह असा आहे की अधिकाऱ्याने अपुरे राहिलेले काम अपुरेच लिहावे आणि हाताखालच्या कोणी तसे लिहून आणले, तर त्याला त्या सत्याबद्दल शिक्षा होऊ देऊ नये. वरिष्ठाच्या रागाच्या भीतीने खोटे लिहिणारी तुकडी ही त्या वरिष्ठाचीच निर्मिती असते.

सद्गुणांची सवय लावा

ख्रिस्ती परंपरेने चार मूलभूत सद्गुण सांगितले : विवेक, न्याय, धैर्य आणि संयम. विश्वास, आशा आणि प्रीती हे तीन ईश्वरी सद्गुण त्यांच्या जोडीला येतात. सद्गुण ही भावना नसून सवय आहे, हे अक्वायनस यांचे म्हणणे सैनिकाला चटकन पटते, कारण कवायतीचे तत्त्वही तेच आहे.

विवेकासाठी निर्गमच्या अठराव्या अध्यायातील इथ्रोचा सल्ला पुरेसा आहे. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे तंटे सोडवत बसलेला पाहून सासरा त्याला सांगतो की अशाने तूही थकशील आणि लोकही थकतील. हजार, शंभर, पन्नास आणि दहा माणसांवर देवाला भिणारे, लाचेचा तिटकारा असलेले नायक नेम. निवडीची कसोटी आधी चारित्र्याची आहे, हे लक्षात घ्यावे.

संयमाची उणीव मोठ्या सेनापतींनाही भोवते. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी जनरल पॅटन नित्य प्रार्थना करणारे होते, पण ऑगस्ट १९४३ मध्ये सिसिलीतील लष्करी रुग्णालयांत मानसिक धक्क्याने खचलेल्या दोन सैनिकांना त्यांनी थप्पड मारली आणि त्यांचे वरिष्ठ सेनापती आयझनहॉवर यांच्या आदेशावरून त्यांना माफी मागावी लागली. मनात श्रद्धा असली तरी राग आवरण्याचा वेगळा सराव करावाच लागतो. सराव साधा आहे : शिक्षेचा कोणताही निर्णय, जिथे परिस्थिती परवानगी देते तिथे, एक रात्र उलटल्यावर द्यावा.

धैर्याविषयी थोडे अधिक लिहायला हवे, कारण त्याचा एक प्रकार सर्वांना दिसतो आणि दुसरा क्वचितच दिसतो. अमेरिकेच्या ८२ व्या हवाई डिव्हिजनचे प्रमुख मॅथ्यू रिजवे यांच्याकडे दोन्ही होते. सप्टेंबर १९४३ मध्ये त्यांची डिव्हिजन रोमजवळ उतरवण्याची योजना ठरली. शत्रूच्या ताकदीकडे पाहता हा आपल्या माणसांचा व्यर्थ बळी ठरेल, असे त्यांना वाटले आणि त्यांनी वरिष्ठांपुढे वारंवार विरोध नोंदवला. अखेर त्यांचे सहकारी मॅक्सवेल टेलर गुप्तपणे रोमला जाऊन परिस्थिती पाहून आले आणि विमाने उड्डाणाच्या तयारीत असताना मोहीम रद्द झाली. हेच रिजवे जून १९४४ मध्ये फ्रान्समधील नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्त सैन्य उतरण्याच्या आदल्या रात्री, वयाच्या ४९ व्या वर्षी, आपल्या माणसांबरोबर पॅराशूटने उतरले. मी तुला अंतर देणार नाही, तुला टाकणार नाही, हे देवाने यहोशवाला दिलेले वचन आपल्याला त्या काळात आधार देत होते, असे त्यांनी नंतर सांगितले. स्वतः उडी घेण्याची तयारी असल्यामुळेच त्यांच्या नकाराला वजन होते. वरिष्ठांच्या योजनेला विरोध करायचा असेल तेव्हा ही कसोटी स्वतःला लावावी : मी माझा जीव वाचवतो आहे की माझ्या माणसांचा? उत्तर दुसरे असेल तर लेखी, स्पष्ट आणि वेळेवर बोलावे. आणि आदेश बेकायदेशीर नसेल व कायम राहिला तर तो मनापासून पार पाडावा.

न्याय शिकण्यासाठी बायबलातील राजा दावीदाच्या दोन कथा शेजारीशेजारी ठेवून वाचाव्यात. पहिलीत तो अदुल्लामच्या गुहेत आहे आणि बेथलेहेमात पलिष्ट्यांचे ठाणे बसले आहे. त्याला आपल्या गावच्या वेशीजवळच्या विहिरीच्या पाण्याची आठवण होते आणि तो ती बोलून दाखवतो. तीन योद्धे शत्रूची फळी फोडून पाणी आणतात. दावीद ते ओठांना लावत नाही. जीव धोक्यात घालून गेलेल्या माणसांचे हे रक्तच आहे, असे म्हणून तो ते परमेश्वरापुढे जमिनीवर ओततो. त्या मातीत जिरणाऱ्या पाण्याकडे ते तिघे पाहत असतील, तेव्हा आपल्या जिवाची किंमत आपल्या नायकाला ठाऊक आहे हे त्यांना कळले असणार. दुसऱ्या कथेत हाच दावीद राजवाड्यात आहे. लढाईच्या हंगामात तो सैन्याबरोबर गेलेला नाही. बथशेबेशी केलेले पाप झाकण्यासाठी तो तिच्या नवऱ्याला, म्हणजे उरीया या निष्ठावान योद्ध्याला, जिथे घनघोर लढाई असेल तिथे पुढे ठेवून मागे सरा, असे पत्र आपला सेनापती योवाब याला लिहितो आणि ते पत्र उरीयाच्याच हाती देतो.

दोन्ही कथांमधला माणूस एकच आहे आणि दोन्ही वेळा त्याचा देवावर विश्वास आहे. फरक पडला तो अंतराने : गुहेत तो आपल्या माणसांच्या सोबत होता आणि राजवाड्यात त्यांच्यापासून दूर. म्हणून जवानांनंतर जेवणे, त्यांच्याबरोबर चालणे आणि रात्रीच्या पहाऱ्यावर अवेळी फेरी मारणे या गोष्टींना मी नुसता शिष्टाचार मानत नाही. त्या अधिकाऱ्याला उरीयाच्या पत्रापासून दूर ठेवतात.

रात्रीची पंधरा मिनिटे

जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लॉयोला हे स्वतः सैनिक होते. १५२१ मध्ये स्पेनमधील पाम्पलोना येथे तोफगोळ्याने पाय जखमी झाल्यावर अंथरुणात त्यांचे मन पालटले. त्यांनी घालून दिलेली दैनंदिन आत्मपरीक्षणाची पद्धत कोणत्याही पंथाच्या अधिकाऱ्याला उपयोगी आहे. आधी दिवसाबद्दल आभार मानावेत, मग दिवस स्पष्ट दिसावा म्हणून प्रकाश मागावा, मग सकाळपासूनचे तास एकेक करून डोळ्यांपुढून जाऊ द्यावेत, चुकले तिथे क्षमा मागावी आणि उद्याचा निश्चय करावा.

सैनिकी कामाला जुळवून घेताना तिसऱ्या पायरीवर माणसांची नावे घ्यावीत. आज मी कोणाशी बोललो आणि बोलताना त्याच्याकडे पाहिले का? कोणाचे श्रेय माझ्या नावावर गेले? ताब्यातल्या कैद्याला पाणी, औषध आणि सावली मिळाली याची मी स्वतः खात्री केली, की कोणी तरी केली असेल असे गृहीत धरले? चुकीची दुरुस्ती उद्या कोणत्या वेळी करणार, हे एका ओळीत वहीत लिहावे. वेळ न लिहिलेला निश्चय बहुधा राहून जातो, हा माझा अनुभव आहे.

श्रद्धा लादू नका

तुकडीत वेगवेगळ्या धर्मांची आणि कोणताही धर्म न मानणारीही माणसे असतात. प्रार्थनेला येण्याचा हुकूम देऊ नये, येणाऱ्याला बढतीत झुकते माप देऊ नये आणि न येणाऱ्याला तसे वाटूही देऊ नये. ३ फेब्रुवारी १९४३ रोजी डॉर्चेस्टर हे अमेरिकी वाहतूक जहाज उत्तर अटलांटिकमध्ये बुडत असताना चार लष्करी धर्मगुरूंनी आपली जीवरक्षक जॅकेटे सैनिकांना दिली आणि ते जहाजाबरोबर गेले. त्यांच्यात एक मेथडिस्ट, एक कॅथलिक, एक रिफॉर्म्ड मंडळीचे आणि एक यहुदी रब्बी होते. जॅकेट घेणाऱ्याचा धर्म कोणी विचारला नाही.

श्रद्धा कुठे फसवते ते ओळखा

ऑलिव्हर हॉवर्ड यांना 'ख्रिस्ती जनरल' म्हणत. अमेरिकी यादवी युद्धात १८६२ मध्ये त्यांनी उजवा हात गमावला. पुढे गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांसाठीच्या सरकारी विभागाचे ते प्रमुख झाले आणि १८६७ मध्ये स्थापन झालेल्या हॉवर्ड विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. याच हॉवर्ड यांनी मे १८७७ मध्ये नेझ पर्स या अमेरिकेतील मूळनिवासी जमातीच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्याला, तो आपल्या भूमीविषयी ठामपणे बोलला म्हणून, बैठकीतूनच कैद केले आणि जमातीला आपला प्रदेश सोडून जाण्यासाठी ३० दिवस दिले. त्यातून युद्ध झाले आणि ते ऑक्टोबरमध्ये थकलेल्या, थंडीने गारठलेल्या लोकांच्या शरणागतीने संपले. हॉवर्ड यांची भक्ती खोटी होती असे मला वाटत नाही. आपल्या हेतूच्या शुद्धतेवर त्यांचा इतका विश्वास होता की समोरच्याचे ऐकण्याची गरज त्यांना भासली नाही. देव माझ्या बाजूला आहे असे वाटू लागले, की अधिकाऱ्याने तो धोक्याचा इशारा समजावा आणि तेव्हाच विरोधी मत मुद्दाम मागवावे.

याच्या उलट वृत्ती ५ जून १९४४ च्या एका चिठ्ठीत दिसते. नॉर्मंडीची मोहीम फसल्यास प्रसिद्ध करण्यासाठी आयझनहॉवर यांनी ती लिहून ठेवली होती. सैन्याने शौर्य आणि कर्तव्यनिष्ठेची शर्थ केली, दोष असेल तर तो एकट्या माझा, असा तिचा आशय होता. प्रत्येक मोठ्या कामगिरीच्या आदल्या रात्री अशी चिठ्ठी लिहून पाहावी. ती लिहिताना हात अडखळला, तर योजनेत किंवा मनात कुठे तरी खोट आहे असे समजावे.

एक नाथान जवळ ठेवा

उरीयाच्या मृत्यूनंतर दावीदाला सत्य सांगणारा नाथान संदेष्टा मिळाला, म्हणून तो पश्चात्तापापर्यंत पोहोचला. अधिकाऱ्याभोवती होकार देणारे पुष्कळ असतात, म्हणून नाथान शोधून ठेवावा लागतो. तो आपल्या हाताखालचा नसावा, त्याला आपल्याकडून काही मिळवायचे नसावे आणि तुकडीचे जीवन त्याला जवळून माहीत असावे; लष्करी धर्मगुरू, निवृत्त सार्जंट किंवा दुसऱ्या तुकडीतला समवयस्क चालेल. महिन्यातून एकदा त्याला एकच प्रश्न विचारावा : माझ्या माणसांना खरे सांगायला माझी भीती वाटू लागली आहे का? तो बोलत असताना आपली बाजू मांडू नये. उत्तर त्याच वहीत उतरवून घ्यावे आणि त्यावर जे काही म्हणायचे असेल ते दुसऱ्या दिवशीच्या प्रार्थनेनंतर म्हणावे.