स्प्रूस ग्राउझ शोधताना या चुका टाळा

कॅनडातल्या ऑन्टॅरिओच्या अल्गॉन्क्विन पार्कात स्प्रूस बॉग नावाची पायवाट आहे, दलदलीवरून फळ्या टाकलेली. स्प्रूस ग्राउझ हा तित्तराच्या गोतातला, स्प्रूस या सुईसारख्या पानांच्या झाडांच्या रानात राहणारा पक्षी. तो बघायला लोक तिथे जातात आणि बरेचजण हात हलवत परततात. मीही दोनदा तशीच परतले. तिसऱ्यांदा दिसला तो माझ्या डोक्याच्या उंचीवर, चार हातांवरच्या फांदीवर. जाताना मी त्याच्या समोरूनच गेले होते.

चूक होती ती भरभर चालण्याची. आपल्याकडचा तित्तर पायाशी आला की भुर्रकन उडतो, म्हणून डोळे उडणारं काहीतरी शोधत राहतात. स्प्रूस ग्राउझ मात्र धोका वाटला की जागच्या जागी थिजतो. दहा पावलं चालावं, थांबावं आणि जमिनीपासून वरपर्यंत एकेक फांदी बघावी. हिवाळ्यात तर वरच जास्त बघावं. बाकी खाणं बर्फाखाली गेलं की स्प्रूस आणि जॅक पाइन या झाडांच्या सुया, म्हणजे सुईसारखी पानं, हेच त्याचं जेवण. तेवढा चिवट पाला पचवायला त्याची पेषणी, म्हणजे अन्न भरडणारी पोटातली पिशवी, त्या दिवसांत मोठी होते, आतडंही लांबतं. सुई चोचीत धरतो, खुडतो, मग पुढची. अंग स्थिर, फक्त डोकं हलतं. ते हलणं टिपायचं.

शरद ऋतूत पायवाटेपेक्षा खडीचे कच्चे रस्ते बरे. सुया भरडायला लागणारे बारीक खडे वेचायला हे पक्षी सकाळी कडेला येतात. गाडी अगदी हळू चालवा, कारण हा गाडीलाही बाजूला होत नाही.

ओळखण्यात नराबाबत गोंधळ होत नाही: काळा गळा, काळी छाती, डोळ्यावर लालभडक पट्टी. घोळ होतो तो मादीत. तपकिरी, ठिपक्या-पट्ट्यांची मादी आणि त्याच रानातला रफ्ड ग्राउझ यांत मीही फसले आहे. रंगावर जाऊ नका, शेपटी बघा. रफ्डच्या शेपटीच्या टोकाजवळ गडद पट्टा असतो आणि डोक्यावर तुरा. स्प्रूसची शेपटी गडद, टोकाला तांबूस, आणि तुरा नाही. मात्र रॉकीज पर्वताकडे गेलात तर हे तांबूस टोक शोधू नका. तिथल्या फ्रँकलिन प्रकारच्या नराची शेपटी टोकापर्यंत काळी असते, तिच्या मुळाशी पांढरे ठिपके असतात.

आपल्या माळरानावरच्या पखुर्डीला इंग्रजीत सँडग्राउझ म्हणतात, त्यावरून हे तिचे भाऊबंद असावेत असं वाटतं. तसं नाही. ग्राउझचं गोत तित्तर, रानकोंबडा आणि मोर यांचं. पखुर्डीचं कूळच वेगळं.

तो उडत नाही म्हणून जवळ जाऊन हात लावणं, फोटोसाठी फांदी हलवणं, हे मात्र कृपा करून करू नका. वसंतात मोबाइलवर त्याचा आवाजही वाजवू नका. नर तेव्हा पंख फडफडवत आपली हद्द राखत असतो, त्याला खोट्या प्रतिस्पर्ध्यामागे का धावायला लावायचं? पायवाट सोडू नका. मादीचं घरटं बहुधा स्प्रूसच्या बुंध्याशी, जमिनीला टेकलेल्या फांदीखाली असतं, आणि पाऊल पडेपर्यंत ती अंड्यांवरून उठतही नाही.