घरातील वायरिंग किती वर्षे टिकते आणि ती केव्हा बदलावी

घर बांधताना भिंतीत गेलेली वायर पुन्हा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिचे वयही कोणी मोजत नाही. रंग दर काही वर्षांनी दिला जातो, नळ बदलले जातात, स्लॅब गळू लागला की लगेच गवंडी बोलावला जातो. वायरिंगकडे मात्र बोर्डातून धूर निघाल्यावरच लक्ष जाते. ही सवय धोकादायक आहे. मराठवाड्यात ती अधिकच धोकादायक ठरते, कारण येथील उन्हाळा वायरचे आयुष्य कमी करतो आणि त्याच उन्हाळ्यात घरावर वर्षातील सर्वाधिक भार पडतो.

तांब्याच्या तारेला वयाने फारसे काही होत नाही. झिजते ते तिच्यावरचे पीव्हीसीचे आवरण. हे आवरण मऊ राहावे म्हणून त्यात मिसळलेले घटक उष्णतेने हळूहळू उडून जातात आणि मग ते कडक होते, तडकते आणि शेवटी सुटून पडते. साध्या पीव्हीसी वायरमधील तारेचे तापमान ७० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ नये, अशी तिची मर्यादा असते. त्या मर्यादेजवळ किंवा तिच्यापलीकडे सतत राहिलेल्या वायरचे आयुष्य दर दहा अंशांच्या वाढीमागे साधारण निम्म्यावर येते, असा विद्युत अभियांत्रिकीतील ढोबळ पण उपयुक्त नियम आहे. परभणी, नांदेड, बीडकडे मे महिन्यात बाहेरचे तापमान ४२-४४ अंशांपर्यंत जाते. पत्र्याखालून किंवा गच्चीच्या स्लॅबमधून गेलेल्या नळीत ते त्याहून बरेच अधिक असते. ३० अंशांच्या हिशेबाने ठरवलेली वायरची क्षमता ४५ अंशांवर सुमारे ७९ टक्क्यांवर येते. म्हणजे ज्या दिवसांत कूलर, फ्रीज, एसी आणि पाण्याची मोटर एकाच वेळी चालतात, त्याच दिवसांत वायरची वीज वाहण्याची ताकद सर्वांत कमी झालेली असते.

चांगल्या प्रतीची तांब्याची वायर नळीतून नेलेली असेल, भार मर्यादेत असेल आणि भिंती कोरड्या असतील, तर ती २५ ते ४० वर्षे टिकते असे सर्वसाधारणपणे मानले जाते. आपल्या भागासाठी माझा सल्ला थोडा कडक आहे: २० वर्षे पूर्ण होताच पहिली सविस्तर तपासणी करावी आणि ३० वर्षांनंतर बदल करावा लागणार हे गृहीत धरून पैशाची तजवीज करावी. तपासणीत वायर चांगली निघाली, तर ती आणखी काही वर्षे ठेवायला हरकत नाही. स्विच, सॉकेट आणि होल्डर यांचे आयुष्य याहून बरेच कमी, दहा-पंधरा वर्षांचेच धरावे, कारण त्यांच्यातील धातूच्या पट्ट्यांची पकड सैल होते.

फिटिंगचा प्रकार पाहूनही वयाचा अंदाज येतो. सागवानी पट्टीवर क्लिपांनी बसवलेली जुनी पट्टी फिटिंग अजूनही कुठे वाड्यात किंवा माळवदाच्या घरात दिसते. तिच्यावर रबराचे किंवा कापडी वेष्टणाचे आवरण असेल, तर कोणतीही चाचणी न करता ती बदलावी. १९७० आणि १९८० च्या दशकांतील अनेक घरांत ॲल्युमिनियमची वायर आहे. हा धातू स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू चपटा होतो आणि त्याच्या पृष्ठभागावर वीज अडवणारा ऑक्साइडचा थर बसतो, त्यामुळे सांधा सैल होऊन तापतो. अशा वायरला तांब्याची वायर नुसती पिळून टेप गुंडाळण्याची पद्धत सर्रास आढळते. आगीची सुरुवात बहुधा अशाच जोडापासून होते. ॲल्युमिनियमचे घरही पूर्ण बदलण्याच्या यादीत धरावे.

लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतील पुनर्वसित गावांचा येथे वेगळा उल्लेख करायला हवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर पुढील काही वर्षांत तेथे हजारो घरे उभी राहिली. त्यांतील मूळ वायरिंग आता पाव शतकाहून अधिक जुनी आहे आणि ती मोजके दिवे-पंखे डोळ्यांसमोर ठेवून केलेली होती. नंतर कुटुंबे वाढली, मूळ खोल्यांना लागून पत्र्याची शेड उभी राहिली, त्यात फ्रीज आणि मिक्सर आले आणि या साऱ्यांसाठी जुन्या बोर्डातूनच वायर ओढली गेली. अशा प्रत्येक घराची तपासणी प्राधान्याने झाली पाहिजे, असे मला कळकळीने वाटते.

वायरिंग आजारी असल्याच्या खुणा घरातील कोणालाही ओळखता येतात. स्विच किंवा प्लग हाताला गरम लागणे, सॉकेटभोवती काळपट-पिवळा डाग, जळक्या प्लास्टिकचा किंवा मासळीसारखा उग्र वास, बटण दाबताना चरचर आवाज, मोटर सुरू होताच दिवे मंद होणे आणि फ्यूज वरचेवर उडणे या त्या खुणा होत. फ्यूज उडतो म्हणून त्यात जाड तार घालणे म्हणजे वायरलाच फ्यूज बनवणे होय. मग जळेल ती भिंतीतील वायर. नळाला, कूलरला किंवा फ्रीजच्या दाराला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर एक दिवसही थांबू नये: मेन स्विच बंद करून तारतंत्र्याला बोलवावे.

लोखंडी पत्र्याच्या कूलरबद्दल थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण उन्हाळ्यात विजेचा धक्का बसण्याचे ते आपल्याकडील एक मोठे कारण आहे. पत्र्याची पेटी, आत साचलेले पाणी, खाली ओली फरशी आणि दर वर्षी काढून-बसवून सोललेली वायर, असा सारा धोका एका ठिकाणी जमा होतो. त्याला दोन पिनांचा प्लग लावून वापरणे पूर्णपणे बंद करावे. तीन पिनांचा प्लग, खरोखर जोडलेली हिरवी अर्थिंगची वायर आणि पाणी भरण्यापूर्वी प्लग बाहेर काढण्याची शिस्त या तिन्ही गोष्टी पाळाव्यात. त्याचप्रमाणे कपडे वाळत घालण्याची लोखंडी तार सर्व्हिस वायरजवळ (खांबावरून मीटरपर्यंत येणारी वायर), मीटरच्या खांबाला किंवा पत्र्याच्या शेडला कधीही बांधू नये.

आता प्रत्यक्ष तपासणीकडे वळू. ही तपासणी परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करून घ्यावी. घरच्यांनी बोर्ड उघडू नये. प्रथम त्याने मेन स्विच बंद करून दोन-तीन बोर्ड उघडावेत, त्यांत स्वयंपाकघरातील आणि न्हाणीघराजवळील बोर्ड अवश्य असावेत. वायरचे टोक हलके वाकवून पाहावे. आवरण तडकले, भुगा झाला किंवा काळवंडलेले दिसले, तर निकाल तेथेच लागतो. आवरण मऊ असेल, तर पुढची पायरी मेगर चाचणीची; मेगर म्हणजे आवरण वीज किती अडवते हे मोजणारे यंत्र. सर्व उपकरणे आणि दिवे काढून, ५०० व्होल्ट डीसीच्या मेगरने फेज व न्यूट्रल एकत्र करून त्यांचा अर्थशी रोध मोजला जातो. तो प्रत्येक सर्किटला किमान १ मेगओहम असायला हवा. चांगल्या नव्या वायरिंगमध्ये तो याच्या कितीतरी पट येतो, म्हणून आकडा १ च्या जवळपास घुटमळत असेल, तर चाचणी पार झाली असे मानून निर्धास्त राहू नये.

चाचणी कोणत्या ऋतूत केली, यालाही महत्त्व आहे आणि हा मुद्दा सहसा कोणी सांगत नाही. कोरड्या एप्रिल-मेमध्ये भिंती खडखडीत वाळलेल्या असतात, त्यामुळे तडकलेले आवरणही मेगरवर बरे दिसते. खरी परीक्षा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, भिंतींत ओल मुरलेली असताना होते. अर्थिंगचे अगदी उलट आहे. पावसाळ्यात जमीन ओली असल्यामुळे अर्थिंगचा आकडा उत्तम येतो आणि मेमध्ये काळी माती भेगाळून अर्थिंगच्या पाइपापासून सुटली की तोच आकडा अनेक पटींनी वाढतो. म्हणून आवरणाची चाचणी पावसाळ्यात आणि अर्थिंगची चाचणी भर उन्हाळ्यात करावी. घरगुती अर्थिंगचा रोध ५ ओहमच्या आत ठेवण्याचे उद्दिष्ट असावे. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप वापरायचा असल्यास त्याची लांबी किमान अडीच मीटर असावी, त्याच्या तोंडाशी पाणी घालण्यासाठी झाकणाचा छोटा हौद बांधावा आणि उन्हाळ्यात त्यात नियमित पाणी ओतावे. मुरूम किंवा खडक लवकर लागणाऱ्या जागी एका खड्ड्याने भागत नाही. थोडे अंतर सोडून दुसरा खड्डा घेऊन दोन्ही जोडावे लागतात.

जुन्या घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवली की ती वारंवार पडू लागते, म्हणजे आपोआप बंद होते, आणि मग कंटाळून ती काढून टाकली जाते. असे करू नये. ती पडते याचा अर्थ वीज कुठेतरी गळते आहे. बहुतेक वेळा आवरण फाटलेले असते किंवा एखादे उपकरण बिघडलेले असते, आणि काही वेळा इन्व्हर्टर जोडताना दोन सर्किटांचे न्यूट्रल एकमेकांत मिसळलेले असतात. एकेक सर्किट आणि एकेक उपकरण वेगळे करून दोष शोधावा. ही आरसीसीबी माणसाचा जीव वाचवते. साधी एमसीबी, म्हणजे फ्यूजच्या जागी येणारा आपोआप पडणारा स्विच, वायरला जादा भारापासून वाचवते, पण धक्का बसणाऱ्या माणसाला तिचा उपयोग होत नाही. आरसीसीबीवरील चाचणीचे बटण दर तीन महिन्यांनी दाबून ती पडते ना, हे पाहावे.

सगळे घर एकदम बदलण्याइतके पैसे हाताशी नसतील, तर क्रम असा धरावा: आधी अर्थिंग व आरसीसीबी, मग गीझर, एसी, मोटर आणि स्वयंपाकघर यांची सर्किटे, आणि शेवटी दिवे-पंखे. मात्र एकाच सर्किटमध्ये अर्धी जुनी व अर्धी नवी वायर जोडण्यास मी ठाम नकार देईन. जे सर्किट घ्याल, ते डिस्ट्रिब्युशन बोर्डापासून शेवटच्या पॉइंटपर्यंत सलग नवे करावे.

वायरचा आकार भारावरून ठरवावा. वॅटला २३० ने भागले की अँपिअर मिळतात: २००० वॅटच्या गीझरला सुमारे ८.७ अँपिअर लागतात, ३००० वॅटच्या इन्स्टंट गीझरला १३. वायरमधून जाणारी वीज दुप्पट झाली की तिची उष्णता चौपट होते, म्हणून आकारात काटकसर करू नये. दुकानात ज्याला दीडची, अडीचची, चारची वायर म्हणतात, ती चौरस मिलिमीटरची मोजणी आहे. दिवे-पंख्यांना दीडची वायर आणि ६ किंवा १० अँपिअरची एमसीबी, १६ अँपिअरच्या सॉकेटला अडीचची वायर आणि १६ ची एमसीबी, एसीला व मोठ्या गीझरला चारची वायर आणि २० ची एमसीबी, अशी जोडणी बहुतेक घरांना पुरते. मीटरपासून बोर्डापर्यंतची मुख्य वायर मात्र एकूण भार काढूनच ठरवावी. दिव्यांच्या एका सर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट आणि ८०० वॅटपेक्षा जास्त भार ठेवू नये. फेजला लाल, पिवळा किंवा निळा, न्यूट्रलला काळा आणि अर्थिंगला हिरवा हा रंगांचा संकेत काटेकोर पाळून घ्यावा, कारण वीस वर्षांनी बोर्ड उघडणाऱ्याचा जीव त्यावर अवलंबून असतो.

खरेदी करताना वायरवर आयएस ६९४ आणि आयएसआय चिन्ह छापलेले आहे का, हे पाहावे. चिन्हासोबतचा परवाना क्रमांक बीआयएस केअर या ॲपवर पडताळता येतो. एफआर प्रकारची वायर ज्वाला पसरू देत नाही, एफआरएलएस प्रकारात धूरही कमी होतो. बंद खोल्या आणि जिना यांसाठी दुसरा प्रकार घ्यावा.

काम करण्याची पद्धत घराच्या बांधणीवर अवलंबून आहे. विटा-सिमेंटच्या घरात वायर भिंतीतील नळीतून नेलेली असते, त्याला सगळे अंडरग्राउंड फिटिंग म्हणतात; तेथे जुनी नळी शाबूत असेल, तर जुन्या वायरलाच नवी बांधून ओढता येते आणि भिंत फोडावी लागत नाही. काही घरांत नळी न घालता वायर थेट गिलाव्यात दाबलेली असते. ती ओढता येत नाही, तेथे नवा मार्गच घ्यावा लागतो. दगड-मातीच्या भिंतींत मात्र खाचा मुळीच पाडू नयेत, त्याने भिंत कमजोर होते. तेथे वरून केसिंग पट्टी किंवा पीव्हीसी नळी बसवावी. माळवदात लाकूड, उंदीर आणि वाळवी ही तिन्ही असतात, म्हणून तुळयांवरून उघडी वायर न नेता ती सलग नळीतून न्यावी आणि जोड फक्त झाकणाच्या डबीत ठेवावेत. पत्र्याच्या घरात वायर पत्र्याला टेकू देऊ नये: पत्रा तापतोही आणि त्याची कड वायरला कापतेही.

काम सुरू करण्यापूर्वी वीजबिलावरील मंजूर भार पाहावा. घरातील भार त्याहून जास्त होत असेल, तर महावितरणकडे भारवाढीचा अर्ज करावा. अन्यथा घरातील वायर नवी होऊनही सर्व्हिस वायर आणि मीटरवरचा ताण तसाच राहतो. सर्व्हिस वायर किंवा खांबावरील दोषासाठी १९१२ वर तक्रार नोंदवावी, खासगी माणसाला खांबावर चढवू नये. दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने या कामाला सर्वांत सोयीचे असतात. रंगकाम करायचे असेल, तर ते वायरिंगनंतर ठेवावे.

काम संपल्यावर तारतंत्र्याकडून प्रत्येक सर्किटचा मेगरचा आकडा, अर्थिंगचा आकडा आणि तारीख लिहून घ्यावी. कोणती एमसीबी कोणत्या खोलीची हे बोर्डाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवावे आणि नळ्या कोणत्या मार्गाने गेल्या याचे फोटो गिलावा करण्यापूर्वी काढून ठेवावेत. पुढील तपासणी पाच वर्षांनी, त्याच दोन ऋतूंत करून नवे आकडे त्याच कागदावर जुन्यांच्या खाली लिहावेत.