तान्ह्या बाळाच्या मानेतील टणक गाठ: निदान आणि उपचार

बाळ 2 ते 4 आठवड्यांचे असताना, न्हाऊ घालताना मानेच्या एका बाजूला सुपारीएवढी टणक गाठ हाताला लागली, तर ती कानामागून कॉलरबोनकडे उतरणाऱ्या स्नायूत असू शकते. या दुर्मीळ, पण कर्करोग नसलेल्या गाठीला फायब्रोमॅटोसिस कोलाय म्हणतात. डोके गाठीच्या बाजूला कललेले आणि हनुवटी विरुद्ध खांद्याकडे वळलेली असल्यास संशय बळावतो. निदानाला सहसा सोनोग्राफी पुरते, त्यामुळे तुकडा काढून तपासण्याची घाई नको. त्याच भेटीत बाळाचे खुबेही तपासून घ्यावेत, कारण त्यांतील दोष या गाठीसोबत आढळू शकतो. मऊ, टॉर्चच्या उजेडात उजळणारी गाठ मात्र सिस्टिक हायग्रोमा (द्रवाने भरलेली जन्मजात गाठ) असू शकते आणि तिचे उपचार वेगळे असतात.

उपचार म्हणजे मुख्यतः व्यायाम: फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेऊन, डोके हलकेच विरुद्ध बाजूला कलवणे आणि हनुवटी गाठीच्या बाजूला वळवणे. मालीशवालीला गाठ चोळू देऊ नये. बहुतेक गाठी वर्षभरात विरतात; त्यानंतरही मान आखडलेली राहिली, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. श्वासाला किंवा दूध पिण्याला त्रास, ताप, लाली किंवा झपाट्याने वाढ दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.