छोट्या वाडीत पाणी साठवणं आणि रोजची कामं: हिशेब कसा बसवावा

टाकी केवढी घ्यायची, हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. रोज किती पाणी लागतं आणि छपरावरून किती मिळतं, हे आधी कागदावर यायला हवं. ते न करता टाकी घेतली, की ती एक तर कधी भरत नाही, नाहीतर भरलेलं पाणी वाफ्यांना सोडून संपतं आणि ऐन उन्हाळ्यात प्यायला उरत नाही.

१. रोजची गरज मांडा

पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी ७ लिटर धरा. अंघोळ, धुणं-भांडी मिळून माणशी ५०. दुभत्या गाईला ७० लिटर (कडक उन्हात याहून जास्त), शेळीला ६, वीस कोंबड्यांना मिळून ६, आणि भाजीच्या वाफ्याला उन्हाळ्यात दर चौरस मीटरला ५ लिटर. घरात चार माणसं, गोठ्यात दोन गाई, चार शेळ्या, वीस कोंबड्या आणि ३० चौरस मीटर भाजी असेल, तर रोजचे ५४८ लिटर झाले.

२. छपराकडून किती मिळेल

एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी होतं. उडणं, झिरपणं वजा जाता पत्र्यावरून त्यातलं ८० टक्के हाती लागतं असं धरा. क्षेत्रफळ मात्र उतरत्या पत्र्याचं मोजू नका; छपराखाली झाकलेल्या जमिनीचं मोजा. ८० चौरस मीटर छप्पर आणि वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस, म्हणजे ४४,८०० लिटर. कोरड्या १२० दिवसांची गरज आहे ६५,७६० लिटर. सगळा पाऊस साठवला तरी पुरणार नाही.

पण याच चार माणसांचं पिणं आणि स्वयंपाक रोज २८ लिटर, म्हणजे १२० दिवसांचे ३,३६० लिटर. ५,००० लिटरच्या टाकीत ते आरामात बसतं. म्हणून छपराचं पाणी आधी माणसांसाठी राखायचं. जागा आणि पैसा असेल तर मग जनावरांसाठी (वरच्या हिशेबाने आणखी २०,००० लिटरच्या आसपास). वाफ्यांना विहिरीचं, बोअरचं किंवा एकदा वापरून झालेलं पाणी द्या. सिमेंटचे जुने ॲस्बेस्टॉस पत्रे किंवा शिसं असलेला रंग छपरावर असेल, तर ते पाणी पिण्यासाठी धरूच नका.

३. जोडणी

पन्हाळीला दर मीटरला १ सेंटिमीटर उतार द्या. पाणी जिथून पाइपात उतरतं तिथे जाळी बसवा. त्यानंतर येतो सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त टाळला जाणारा भाग: पहिल्या पावसाचं पाणी बाजूला काढणं. पक्ष्यांची विष्ठा, धूळ, पाचोळा यांतलं बरंचसं पहिल्या सरीतच धुऊन येतं. दर चौरस मीटर छपराला निदान अर्धा लिटर पाणी सोडायचं, म्हणजे इथे ४० लिटर. ११० मिलिमीटरच्या पाइपात मीटरला सुमारे ८ लिटर मावतात, त्यामुळे ५ मीटर पाइप लागेल. उंची नसेल तर ५० लिटरचा झाकणाचा ड्रम लावा. उतरणाऱ्या पाइपाला टी (तीन तोंडांचा जोड) जोडून हा पाइप खाली सोडा. तो भरला की पुढचं पाणी आपोआप टाकीकडे वळतं. तळाच्या झाकणाला २ मिलिमीटरचं भोक ठेवा, म्हणजे दोन पावसांच्या मधल्या वेळात पाइप हळूहळू रिकामा होतो.

बिघडतं ते इथेच. भोकात गाळ बसतो, पाइप भरलेलाच राहतो आणि पुढच्या पावसाची घाण थेट टाकीत जाते. म्हणून तळाचं झाकण चिकटवू नका, आट्याचं बसवा; मोठा पाऊस ओसरला की काढून धुवा.

५,००० लिटर म्हणजे ५ टन वजन. ओटा सपाट हवा, टाकीची कड ओट्याबाहेर आली तर बूड तडकतं. प्यायची तोटी बुडापासून १० सेंटिमीटर वर आणि गाळ काढायची तोटी अगदी तळाशी. जादा पाण्याचा पाइप आत येणाऱ्या पाइपाइतकाच जाड घ्या, तोंडाला डासांची जाळी लावा आणि पाणी ओट्यापासून लांब सोडा, नाहीतर ओट्याखालची मातीच वाहून जाते. टाकी उजेड आत न येऊ देणारी हवी. उजेड आत गेला की शेवाळ धरतं. एवढं करूनही प्यायचं पाणी खळखळून एक मिनिट उकळाच.

४. कामांचा क्रम

पाणी स्वच्छ कामाकडून मळक्या कामाकडे न्यायचं, हा नियम पाळला की दिवस आपोआप मार्गी लागतो. सकाळी आधी घरचं पिण्याचं भरा, मग धारेची भांडी. धार झाली की डोण ताज्या पाण्याने भरा, कारण गाय तेव्हा सगळ्यात जास्त पिते. डोणीतलं रात्रीचं उरलेलं पाणी ओतून न देता वाफ्यांना घाला, तेही ऊन चढण्याआधी. सौरपंप असेल तर वरची टाकी दुपारीच भरून घ्या.

१५ लिटरची बादली १५ किलोची. गोठा आणि खुराडं मिळून रोज १७० लिटर म्हणजे बारा बादल्या, त्याही वर्षभर. हाताशी एकच पाइप घालण्याइतके पैसे असतील तर तो न्हाणीकडे न नेता गोठ्याकडे न्या आणि डोणीला बॉलकॉक लावा.

आठवड्यातून एकदा डोणी आणि पिंपं पूर्ण रिकामी करून घासा. उबदार हवेत डासाचं अंडं ते डास हा प्रवास साधारण ७ ते १० दिवसांत पुरा होतो, म्हणून आठवड्याचा खाडा चालत नाही. साबणाचं पाणी पालेभाज्यांना नको. झाडांना द्या, तेही रोज एकाच झाडाला नको.

महिन्यातून एकदा रात्री सगळ्या तोट्या बंद करून पातळीवर खूण करा. १.१ मीटर व्यासाच्या टाकीत सकाळी १ सेंटिमीटर पाणी उतरलेलं दिसलं, तर रात्रीत साडेनऊ लिटर गळालं.

शेवटी टाकीवर बाहेरून एक लाल रेघ ओढा: रोजचे २८ लिटर गुणिले ३० दिवस, म्हणजे तोटीच्या वर ८४० लिटर जिथे उरतात तिथे. पाणी त्या रेघेखाली गेलं की त्या टाकीतून फक्त पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी काढायचं, हे घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.