सोयरीक ठरवायच्या आधी नातं कसं तपासायचं (निकाह कोणाशी होतच नाही)

आमच्या भायखळ्याच्या बिल्डिंगमध्ये गेल्या वर्षी एक ठरलेली सोयरीक दुधावरून मोडली. पोरगा-पोरगी राजी, मेहेरची रक्कम ठरलेली, हॉलचा ॲडव्हान्स भरलेला आणि मंगनीच्या दिवशी मुलाची म्हातारी खाला म्हणजे मावशी गावावरून आली, पोरीच्या आईकडे बघून म्हणते कशी, अगो ह्याला तर तू पाजलंयस ना, ह्याची आई दीड महिना हॉस्पिटलात होती तेव्हा. सगळे गप्प. त्या घरच्यांना घेऊन मुफ्तीसाहेबांकडे, म्हणजे धर्माचा निवाडा सांगणाऱ्यांकडे, मीच गेलो होतो, म्हणून आता नात्यात कोणाचंही स्थळ निघालं की फोन मला येतो. मी आलिम नाही, फतवा देत नाही, फक्त तपासायचं कसं ते सांगतो.

आधी कागद घ्या. रक्ताची नाती कुरआनातल्या सूरह निसाच्या 23व्या आयतमध्ये आहेत, आई, मुलगी, बहीण, फुफी म्हणजे आत्या, खाला, पुतणी, भाची. यादी पाठ करून पण लोक गोंधळतात म्हणून मी मुलाचं नाव मधे लिहून झाड काढतो. वर जेवढं चढाल तेवढ्या सगळ्या बाद, आई, आजी, पणजी. खाली उतराल तेवढ्या पण बाद, मुलगी, नात. मग आईबापापासून खाली जे काही येतं ते पूर्ण बाद, म्हणजे बहीण सख्खी असो, बापाकडून सावत्र असो की आईकडून, तिची मुलगी, भावाची मुलगी, त्यांच्या नाती, कितीही खाली. आणि आजी-आजोबांपासून मात्र फक्त पहिली पायरी बाद, त्यांच्या मुली म्हणजे आपली आत्या आणि मावशी. दुसऱ्या पायरीवर चुलत, मावस, आते, मामे बहिणी येतात, त्या चालतात. आजोबांची बहीण चालत नाही कारण ती पणजोबांची पहिली पायरी, वयाचा प्रश्नच येत नाही म्हणा. मुलीकडून बघताना हेच झाड उलटं करायचं, बाप, भाऊ, काका, मामा, भाचा, पुतण्या.

इथे शेजारपाजारच्या रीतीने डोकं फिरतं. आपल्या मराठी हिंदू मित्रांकडे मामाची पोरगी चालते पण चुलत बहीण म्हणजे सख्खीच, दक्षिणेत काही समाजांत तर मामा-भाचीचं लग्न लागतं. आपल्याकडे चुलत चालते आणि मामा-भाची कधीच नाही.

सासरची नाती पटकन सांगतो. सासू निकाह लागल्या क्षणी कायमची हराम, उद्या तलाक झाला तरी. बायकोची आधीच्या नवऱ्याची मुलगी मात्र नवरा-बायको एकत्र आल्यावर हराम होते, नुसत्या निकाहने नाही. सून आणि बापाची बायको पण कायमच्या बाद. दत्तक मुलाचं नातं यात धरत नाहीत, नावापुढे बाप म्हणून तुमचं नाव लावलं तरी. आणि ऐकून लोक चमकतात पण काकी, मामी, वहिनी या यादीत नाहीत, त्या विधवा किंवा तलाकशुदा झाल्या आणि इद्दत म्हणजे त्यानंतर थांबायची ठरलेली मुदत संपली तर निकाह होऊ शकतो.

मेहुणीचं वेगळं. ती कायमची हराम नाही, पण बायको निकाहमध्ये असताना तिची बहीण नाही, आत्या-मावशी नाही, भाची-पुतणी पण नाही. बायको वारली तर मेहुणीशी होतो, तलाक असेल तर इद्दत संपेपर्यंत थांबा. तरी कोणी दोघी बहिणींशी केलंच तर? ह्यावर कोर्टात भांडण बरंच जुनं आहे, कलकत्ता हायकोर्टाने असं लग्न मुळातच रद्द धरलेलं, आपल्या बॉम्बे हायकोर्टाने 1917 साली ते फासिद म्हणजे बिघडलेलं पण अगदी शून्य नाही असं धरलं, आणि 2008 मध्ये सुप्रीम कोर्टाने पण हीच बाजू घेऊन त्या दुसऱ्या बायकोला आणि मुलीला पोटगी दिली. म्हणून ते जायज झालं असं कोणी समजू नका.

आता दूध, जे कोणीच विचारत नाही. रक्ताने जे हराम ते दुधानेही हराम, अशी हदीस म्हणजे पैगंबरांचं वचन आहे. बायोडाटात ब्लड ग्रुप लिहितात, उंची लिहितात, दूध कोणाचं प्यायलं ते नाही. चाळीत दहा बाय दहाच्या खोल्या, शेजारणीला ताप आला की तिचं पोर उचलून पाजायचं, ह्यात कोणाला विशेष वाटायचं नाही, आणि पंचवीस वर्षांनी त्याच दोन घरांत सोयरीक निघते. तर दोन्हीकडच्या आयांना वेगवेगळं बसवून विचारा, घरातल्या म्हाताऱ्या बायकांना पण. पुरुषांना विचारून काही उपयोग नाही, त्यांना माहीतच नसतं.

काय विचारायचं? कोणी पाजलं, मूल तेव्हा केवढं होतं, किती वेळा. कारण हिशोब मसलकप्रमाणे, म्हणजे आपण शरीयतचा कोणता पंथ मानतो त्याप्रमाणे, बदलतो आणि मुंबईत तर एकाच मजल्यावर दोन्ही मसलक. आपण कोकणी शाफई, आपल्याकडे मूल दोन वर्षांच्या आतलं आणि निदान पाच वेगवेगळ्या वेळा प्यायलेलं लागतं. यूपी-बिहारकडचे बहुतेक हनफी, त्यांच्याकडे त्या वयात एक घोट पोटात गेला तरी नातं लागलं. आमच्या बिल्डिंगमधला मुलगा दीड महिना रोज प्यायलेला, त्यामुळे तिथे मसलकचा प्रश्नच आला नाही.

आणि नातं लागतं ते प्यायलेल्या मुलाला, त्याच्या भावंडांना नाही. म्हणजे त्या मुलाला त्या बाईच्या सगळ्याच मुली बहिणी, त्याच्या आधी झालेल्या असोत की नंतर, तिच्या नवऱ्याच्या दुसऱ्या बायकोच्या मुली पण. पण त्याचा धाकटा भाऊ तिथे प्यायला नसेल तर त्याला त्याच घरातली मुलगी चालते. हे ऐकून मुलाच्या आईचा चेहरा असा काय खुलला, पण धाकटा अजून बारावीत!

पावडरच्या डब्याने किंवा गाईच्या दुधाने काही होत नाही. मिल्क बँकेचं मात्र विचारावं लागतं. सायन हॉस्पिटलात 1989 पासून आईच्या दुधाची बँक आहे, आशियातली पहिली, तिथे अनेक आयांचं दूध एकत्र करून पाश्चराइज करतात, त्यामुळे कोणाचं कोणी प्यायलं ते कळत नाही. जेद्दाच्या फिक्ह अकादमीने, म्हणजे इस्लामी धर्मकायद्याच्या संस्थेने, 1985 मध्येच अशा बँकांना नको म्हटलं, काही उलेमांनी जायज ठरवलं. कमी वजनाच्या बाळाचा जीव आधी, हे माझं मत, पण बाळाला तिथलं दूध मिळालं असेल तर फाइलचे कागद टाकू नका.

एक कायद्याचं राहिलं. काझीसमोर निकाह झाला तर 1937च्या शरीयत ॲक्टप्रमाणे चुलत-मावस चालतं, पण 1954च्या स्पेशल मॅरेज ॲक्टखाली करायला गेलात तर तिथल्या मनाईच्या यादीत सख्खे चुलत, मावस, आते, मामे सगळे आहेत, तेव्हा फॉर्म भरायच्या आधी वकिलाला विचारा.

मुफ्तीसाहेबांकडे जाताना पाजणाऱ्या बाईलाच सोबत न्या, हयात असेल तर, आणि मसलक पहिल्या वाक्यात सांगा. जवाब लिहून मागा. हॉलचा ॲडव्हान्स त्यानंतर.