बीगल येण्याआधीची कामं

यादीतलं पहिलं काम दाराबाहेरचं. पहाटे दूधवाला ज्या कापडी पिशवीत दूध टाकून जातो ती कडीवरून काढा आणि भिंतीत उंच खिळा ठोकून तिथे टांगा. आमचा बीगल कुत्रा गुंड्या आला त्या आठवड्यात आम्ही दोन दिवस कोरा चहा प्यायलो. तिसऱ्या दिवशी समोरच्या बिऱ्हाडानेही प्यायला. दाराबाहेरचा चपलांचा स्टँडही आत घ्या किंवा त्याला झाकण असलेलं कपाट करा, कारण बीगलला चपलेची चामडी नको असते, तिच्यावरून कालचा मासळी बाजार वाचायचा असतो.

बीगल हा वासावर माग काढणारा शिकारी कुत्रा. इंग्लंडमध्ये सशाच्या शिकारीसाठी तयार झालेला, टोळीने धावणारा आणि मागून पायी येणाऱ्या शिकाऱ्यांना ओरडून ठिकाण सांगणारा. शेपटीचं टोक पांढरं असतं, ते उंच गवतातही दिसतं. अमेरिकेत १९८४पासून विमानतळांवर प्रवाशांच्या सामानातली फळं आणि मांस हुंगून काढायला हेच ठेवलेत. खांद्यापाशी उंची ३३ ते ४० सेंटिमीटर, वजन साधारण ९ ते ११ किलो, आयुष्य १२ ते १५ वर्षं. आकार बघून लोक म्हणतात, वनबीएचकेत सहज मावेल. मावतो. फक्त आवाज शेजारच्या विंगपर्यंत जातो.

म्हणून पिल्लू बघायला जाण्याआधी घरातल्यांनी आपापल्या वेळा कागदावर मांडाव्यात. नवराबायको दोघंही सकाळी पावणेआठची लोकल पकडून रात्री साडेआठला परतणार आणि घरात दुसरं कुणी नसेल, तर माझं स्पष्ट मत आहे की बीगल आणू नका. टोळीतला प्राणी एकटा पडला की हेल काढून रडतो, आणि ते रडणं तुमच्याऐवजी शेजारचे ऐकतात. दुपारी आजी, आजोबा किंवा कामाच्या मावशी असतील तर प्रश्न बराच सुटतो. तरी पहिल्या दिवसापासून दोन मिनिटं, मग पाच, मग पंधरा असं दाराबाहेर उभं राहून एकटं राहायची सवय लावायचीच.

सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी कळवा. पाळीव प्राण्यांवर सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही, हे खरं. पण पहिल्याच भेटीत नियम तोंडावर फेकलात तर पुढची बारा वर्षं लिफ्टमध्ये जड जातात. वरच्या-खालच्या मजल्यांवर एक चक्कर मारून या, नंबर देऊन ठेवा.

कागदपत्रांचं थोडक्यात: आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकायला परवानगी नाही. देणारा ब्रीडर राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदलेला आहे का ते विचारा, आणि पिल्लाची आई दाखवायला सांगा. टाळाटाळ झाली तर परत या. रेबीजची लस झाली की महापालिकेचा कुत्र्याचा परवाना काढा आणि दरवर्षी नवा करा.

डॉक्टर आधी ठरवा, पिल्लू नंतर. चालत जाता येईल असा एक, आणि रात्रीबेरात्री कुठे धावायचं तेही आधीच विचारून ठेवा. परळचं बैलघोडा हॉस्पिटल सगळ्यांना माहीत असतं, पण तिथवर न्यायला तयार असलेला टॅक्सीवाला मात्र ऐनवेळी सापडत नाही. एखाद्याचा नंबर भिंतीवर लिहून ठेवा. पहिल्या लसींचा कोर्स पुरा होईपर्यंत पिल्लाला बिल्डिंगखाली जमिनीवर सोडायचं नाही, पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या साथीच्या आजाराची भीती असते. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लस मुंबईत ऐच्छिक समजू नका. उंदराच्या मुतातून हा आजार साचलेल्या पाण्यात येतो, आणि बीगल कुठल्याही डबक्यात आधी नाक घालतो.

आता स्वयंपाकघर. कचऱ्याचा डबा पायाने उघडणारा असेल तर बीगल ते पंधरा दिवसांत शिकेल, तेव्हा डबा ओट्याखालच्या कपाटात आणि कपाटाला कडी. सुकट, सोडे, बोंबील हवाबंद बरणीत आणि वरच्या फळीवर. कांदा, लसूण, चॉकलेट, बिनसाखरेचं च्युइंगगम हे विषासमान. बेदाणेही. हे घरात नीट सांगा, कारण शिऱ्यातला, मोदकाच्या सारणातला बेदाणा कुणाच्या लक्षात येत नाही. शिजवलेली हाडं नकोत, त्यांच्या फोडी आतड्यात टोचतात.

खाण्याचं माप एका वाटीला ठरवा आणि ती वाटी कुणी बदलायची नाही. लहानपणी तीनदा, मोठेपणी दोनदा. बीगलला पोट भरल्याचं कळतच नाही की काय असं वाटतं, आणि तोंड असं करतो की घरातली आजी विरघळलीच. आमच्याकडे पोळीचा एकेक तुकडा चार माणसं एकमेकांपासून लपवून देत होती. वजन वाढलं की सांधे आणि पाठीचे मणके बोलायला लागतात. बरगड्या दिसू नयेत, पण हात फिरवला की लागाव्यात.

कानांसाठी वेगळा दिवस ठेवा. आमच्या घरी रविवार, अंघोळीनंतर. लांब लोंबते कान आत हवा जाऊ देत नाहीत, त्यात मुंबईची दमट हवा. पहिल्या पावसाळ्यात आम्ही दुर्लक्ष केलं. कानातून आंबूस वास येईपर्यंत कळलं नाही, मग महिनाभर थेंब आणि रोजची झटापट. तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेलं कान धुण्याचं औषध आणि कापूस आधी आणून ठेवा. कानकोरणं किंवा काड्या आत घालायच्या नाहीत. पिल्लू लहान असतानाच रोज कान उलटून बघा, म्हणजे मोठेपणी हात लावू देतं. पावसातून आल्यावर कानांसकट बोटांमधल्या फटीही पुसायच्या, जुने टॉवेल फेकू नका. गोचिडांचं औषध डॉक्टर सांगतील त्या तारखेला, कॅलेंडरवर खूण करून. आणि हो, केस छोटे असले तरी गळतात, काळी पँट घालून ऑफिसला जाणाऱ्यांनी दाराशी ब्रश ठेवावा.

फिरायला गळपट्टा पुरत नाही, छातीवरून जाणारा हार्नेस घ्या. वास लागला की तो ओढतो, आणि गळपट्ट्याने नुसती खोकल्याची उबळ येते. मैदान कितीही मोकळं दिसलं तरी साखळी सोडायची नाही. एकदा माग लागला की हाका ऐकू येत नाहीत, रस्त्यावरची बस दिसत नाही. वेळ पहाटेची किंवा दिवेलागणीनंतरची. उन्हाळ्यात हाताची उलटी बाजू डांबरावर पाच-सात सेकंद टेकवून बघा, चटका बसला तर घरीच थांबा. थांबायला लागलं तर त्याच्या वाटीतलंच खाणं जुन्या टॉवेलच्या घड्यांत, अंड्यांच्या रिकाम्या ट्रेमध्ये लपवून द्या. वीस मिनिटं हुंगून तो जितका दमतो तितका जिने चढूनही दमत नाही, हा आमचा पावसाळ्यातला सगळ्यात मोठा शोध.

शेवटी खिडक्यांच्या ग्रिलमधलं अंतर मोजा, पिल्लाचं डोकं जाईल असं असेल तर जाळी लावा. आणि पट्ट्याला लावायच्या बिल्ल्यावर फोन नंबर कोरून घ्या, दुपारी घरी असणाऱ्या माणसाचा.